पत्रांच्या पानासाठी चित्रं काढताना: गेमिंग मासिकाच्या नव्या चित्रकारांसाठी

अंकात पत्रांचं पान सगळ्यात शेवटी लागतं. मुखपृष्ठ ठरलेलं असतं, परीक्षणं तपासून झालेली असतात, आणि मग संपादकाचा मेल येतो: पत्रं सोबत जोडली आहेत, तीन जागा रिकाम्या आहेत, शुक्रवारपर्यंत जमेल का? रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायच्या खेळांच्या, मासिकात नव्या चित्रकाराला पहिलं काम बहुधा असंच मिळतं. ड्रॅगन आणि किल्ले काढायला आधीच बरेच हात तयार असतात, पत्रांच्या पानाकडे सहसा कुणी वळत नाही.

मी गेली नऊ वर्षं डोंबिवलीत बसून ब्रिटनमधल्या एका छोट्या त्रैमासिकासाठी हेच पान करतो आहे. आता माझ्यासमोर मुखपृष्ठाची संधी आली तरी मी हे पान सोडणार नाही. अंकातली ही एकच जागा अशी आहे जिथे खेळणारी माणसं स्वतःच्या आवाजात बोलतात, आणि त्यांच्या शेजारी बसायला मिळतं ते आपल्याला. आपल्याकडची चित्रकार मुलं-मुली हल्ली डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतात, परदेशी झीनना, म्हणजे छोट्या हौशी मासिकांना, कामाचे नमुने पाठवतात आणि मला विचारतात की सुरुवात कशी करायची. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

थोडं मागचं माहीत असू द्या, कारण संपादक ते गृहीत धरतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. जून १९७६मध्ये त्याच्याच प्रकाशकानं, म्हणजे टीएसआरनं, अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावातून 'ड्रॅगन' हे नियतकालिक सुरू केलं. १९७७च्या उन्हाळ्यात लंडनहून गेम्स वर्कशॉपचं 'व्हाइट ड्वॉर्फ' आलं. तेव्हा नियमांची पुस्तकं त्रोटक होती आणि खेळणारे गावोगाव विखुरलेले. शंका विचारायची कुणाला, भांडायचं कुणाशी? त्यांची चावडी म्हणजे पत्रांचं पान. 'ड्रॅगन'च्या पत्रांच्या सदराचं नाव 'आउट ऑन अ लिंब' होतं, आणि नियमांच्या शंकांसाठी १९७९पासून 'सेज अ‍ॅडव्हाइस' हे वेगळं सदर निघालं. या पानावरच्या चित्रानं त्या चावडीची ऊब टिकवायची असते, एवढं लक्षात ठेवून कामाला लागा.

पत्रं आधी, पेन्सिल नंतर

पत्रं आली की सगळी एका बैठकीत वाचून काढा, आणि वाचताना काही काढू नका. पहिल्या वाचनात डोळ्यांसमोर येतं ते चित्र प्रत्येकाच्याच डोळ्यांसमोर येतं: ड्रॅगनबद्दल पत्र असेल तर ड्रॅगन. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पत्रातली एक वस्तू शोधून तिच्याखाली रेघ मारा. वस्तूच शोधा, मुद्दा शोधू नका. मुद्दा पत्रलेखकानं शब्दांत मांडलेलाच असतो, तो चित्रात पुन्हा सांगितला की पान जड होतं.

एक उदाहरण घेऊ. समजा एका वाचकानं विचारलंय की फासा पुस्तकाला टेकून तिरका थांबला तर तो आकडा धरायचा की पुन्हा टाकायचा. पत्र दोनशे शब्दांचं, त्यात नियमांचे दाखले, गटातली वादावादी. यातली वस्तू कोणती? तो तिरका फासाच. पण नुसता फासा काढला तर ते पाठ्यपुस्तकातलं चित्र होईल. मी पुस्तकाचा कोपरा काढेन, त्याला टेकलेला फासा, आणि टेबलाच्या कडेवर फक्त चार हनुवट्या आणि आठ डोळे, सगळे फाशाच्या उंचीवर आलेले. हा प्रसंग प्रत्येक खेळणाऱ्यानं अनुभवलेला असतो. पत्र वाचायच्या आधीच तो ओळखीचं हसतो आणि मग वाचायला लागतो. या चित्रानं एवढंच काम करायचं आहे.

आता वादाचं पत्र. ड्वॉर्फ, म्हणजे या खेळांमधल्या बुटक्या जमातीच्या, बायकांना दाढी असते की नसते, हा या छंदातला फार जुना वाद. दर काही वर्षांनी कुणीतरी तो उकरून काढतं आणि पुढच्या अंकाला दोन्ही बाजूंची पत्रं येतात. तुम्ही दाढीवाली बाई काढलीत तर एका बाजूनं निकाल दिलात, बिनदाढीची काढलीत तर दुसऱ्या बाजूनं. चित्रकारानं निकाल द्यायचा नाही. आरशापुढचं एक बुटकं मेज काढा, त्यावर शिरस्त्राण, कुऱ्हाड आणि एक जाड दातांचा कंगवा. कंगवा कशासाठी, ते दोन्ही बाजूंचे वाचक आपापलं ठरवतील.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. माझ्या तिसऱ्या अंकात एका वाचकाचं लांबलचक तक्रारीचं पत्र होतं: साहसकथांचे नकाशे इतके लहान का छापता, चौकोन मोजता येत नाहीत. मी त्याला टेबलावर मुठी आपटणारा गॉब्लिन काढला. चित्र चांगलं उतरलं होतं, संपादकांनाही आवडलं. त्याआधी त्या माणसाचं पत्र प्रत्येक अंकाला येत असे. त्यानंतर एकही आलं नाही. त्याची तक्रारही खरी होती, पुढे नकाशे मोठे करावे लागलेच. तेव्हापासून मी पत्र लिहिणाऱ्याला कधीही राक्षस, प्राणी किंवा विदूषक केलेलं नाही. तुम्हीही करू नका, पत्र कितीही तिरसट असलं तरी. चित्रातली आपली खुर्ची नेहमी पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूला असावी.

कुणी आपल्या पात्राबद्दल लिहिलं असेल तर ते पात्र जरूर काढा, त्याहून मोठी भेट नाही. मात्र तपशील पत्रातलेच घ्या. धनुर्धारी डावखुरी आहे असं लिहिलं असेल तर धनुष्य उजव्या हातात आणि दोरी ओढणारा हात डावा. जे पत्रात नाही ते संपादकांमार्फत विचारून घ्या. दोन ओळींचा मेल लागतो, आणि तो वाचक तो अंक आयुष्यभर जपतो.

काही पत्रांना चित्र नको असतं. गटातला एखादा जण गेला, वीस वर्षांचं कॅम्पेन, म्हणजे सलग चालू असलेला खेळ, तिथेच थांबलं, असं पत्र अधूनमधून येतंच. अशा वेळी संपादकांना सांगा की इथे जागा मोकळी ठेवू. त्यांनी आग्रहच धरला तर फाशांची दोरी बांधलेली थैली काढा, आणि बाकी काही नाही.

माप विचारल्याशिवाय रेघ मारू नका

ए-फोर आकाराचं पान, तीन रकाने, दोन्हीकडे १५ मिलिमीटर समास आणि रकान्यांमध्ये ५ मिलिमीटर फट धरली तर एक रकाना साधारण ५६ मिलिमीटरचा होतो. स्पॉट चित्र, म्हणजे मजकुरात बसणारं छोटं चित्र, बहुतेक वेळा एवढ्यातच बसवायचं असतं, कधी अर्ध्या रकान्यात. यात युद्धाचा देखावा मावत नाही. दोन वस्तू किंवा एक चेहरा आणि एक वस्तू, एवढाच ऐवज धरा.

पान शेवटपर्यंत हलत असतं. शुक्रवारी चौरस असलेली जागा सोमवारी उभी होते, कारण कुणाच्या तरी पत्रातल्या चार ओळी वाढल्या. म्हणून चौकट काढू नका. कडा मोकळ्या सोडा, म्हणजे पान लावणारा चित्र थोडं मोठं-लहान करू शकतो किंवा मजकूर त्याच्याभोवती वळवू शकतो. चेहरा असेल तर त्याची नजर पत्राकडे हवी, पानाबाहेर नको. चित्र डाव्या रकान्यात की उजव्या, हे आधी विचारा. नंतर संगणकावर उलटवू म्हणाल तर फाशावरचे आकडे उलटे होतात आणि डावखुरी धनुर्धारी उजवी होते.

पानपूरक चित्रांचा एक साठा मात्र जवळ ठेवाच. विझत आलेली मेणबत्ती, उलटा पडलेला चहाचा मग, खोडरबराचे तुकडे पडलेली कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद), रंग उडालेली शिशाची मूर्ती. कुठल्याही पत्राशेजारी चालतील अशी दहा-बारा चित्रं फोल्डरमध्ये असली की रात्री अकराला आलेल्या मेलला उत्तर देता येतं.

वीस बाजूंचा फासा

हा फासा तुम्हाला शेकडो वेळा काढावा लागेल, आणि तो चुकला तर वाचक लगेच पत्र लिहितात. म्हणून यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना भूमितीचा पेपर आठवत असेल, तीच पद्धत इथे उपयोगी पडते.

कंपासनं वर्तुळ काढा आणि त्याच त्रिज्येनं परिघावर सहा खुणा करा, एक खूण बरोबर वर. खुणा जोडल्या की षटकोन तयार. आता केंद्रापासून वरच्या टोकाकडे हलकी रेघ ओढा आणि तिच्यावर ६२ टक्के अंतरावर ठिपका द्या. त्रिज्या ५० मिलिमीटर असेल तर ३१ मिलिमीटरवर. एक टोक सोडून पुढच्या टोकाच्या दिशेनं तसाच ठिपका, आणखी एक सोडून तिसरा. तीन ठिपके जोडले की मधला त्रिकोण मिळतो. आता प्रत्येक ठिपक्यापासून तीन रेघा: एक समोरच्या टोकाला, दोन त्याच्या शेजारच्या टोकांना. झाला फासा. समोरून दहा बाजू दिसतात, मधली एक, तिच्या कडांना लागून तीन आणि भोवती सहा. आतल्या प्रत्येक ठिपक्यात पाच रेघा मिळाल्या पाहिजेत. चार किंवा सहा दिसल्या तर कुठेतरी चुकलंय. दोन-तीनदा मोजून काढलात की हात शिकतो, पुढे कंपास लागत नाही.

आकडे उगाच कसेही टाकू नका. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते, म्हणून २० आणि १ एकाच चित्रात दिसू शकत नाहीत. बहुतेक फाशांवर २०च्या तीन कडांना २, ८ आणि १४ असतात, तर १च्या कडांना ७, १३ आणि १९. ६ आणि ९ यांच्याखाली रेघ किंवा टिंब असतं. मधल्या बाजूवरचा आकडा पूर्ण काढा, शेजारचे दबलेले, आणि कडेच्या सहा बाजूंवर काहीच लिहू नका. ५६ मिलिमीटरच्या रकान्यात ते आकडे डागांसारखे दिसतात.

दहा बाजूंच्या फाशाच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात, त्रिकोणी नव्हेत. नवे लोक आठ बाजूंचा फासा काढून त्यालाच दहाचा म्हणतात. घरात संच नसेल तर एक विकत घ्या आणि फासे पाटावर ओतून जसे पडतील तसे काढा. फोटोवरून काढलेला फासा चपटा दिसतो.

टेबलाभोवतीची माणसं ही दुसरी सवय. त्यासाठी स्मरणचित्राचाच सराव करा. खेळाला बसलेले लोक फारच थोड्या प्रकारे बसतात: पुढे झुकून, खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून, एका हातावर गाल टेकून, आणि डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) असेल तर पडद्याआडून अर्धा चेहरा काढून. रविवारी कुणाच्या तरी घरी सेशन असेल तर तिथे वही काढू नका, माणसं अवघडतात. घरी आल्यावर आठवून काढा. जे आठवतं तेच रकान्यात लागतं.

शाई

या पानावर करड्या छटांपेक्षा निव्वळ काळं-पांढरं रेखाचित्र चांगलं छापलं जातं. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट काढा. दुप्पट काढायचा मोह होतो, पण मग आपण मावणार नाहीत एवढे बारकावे भरतो. ०.३च्या पेननं काढलेली रेघ दीडपटीवरून खाली आली की ०.२ मिलिमीटर राहते, आणि ती साध्या कागदावरही टिकते. ०.१चं पेन दूर ठेवा, ती रेघ मध्येच तुटते. समांतर रेघांनी सावली करत असाल तर दोन रेघांमधली पांढरी फट रेघेपेक्षा रुंद हवी, नाहीतर छापताना शाई भरते आणि सावलीऐवजी काळा ठिपका येतो.

मी कॅमलच्या काळ्या वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकवर आणि साध्या टाकावर काम करतो. टॅबलेटवर काढणाऱ्यांचंही छान होतं, फक्त त्यांनी पडद्यावर चित्र मोठं करून न काढता छापील आकारात बघत काढावं.

भरीव काळा भाग एका चित्रात एकच ठेवा. मजकुराचं पान दुरून करडं दिसतं, त्यात तो एक काळा तुकडा नजर ओढून आणतो. काळे तुकडे तीन झाले की नजर भटकते. पातळ कागदावर मोठा काळा भाग मागच्या बाजूनंही दिसतो आणि तिथल्या पत्रावर सावली पडते, हेही विसरू नका. चित्र भिंतीला लावून चार पावलं मागे जा आणि डोळे बारीक करून बघा. काय आहे ते कळलं तर ठीक, नाहीतर रेघा कमी करा.

शिकण्यासाठी दोन माणसांकडे मी पुन्हा पुन्हा जातो. एक ब्रिटिश चित्रकार रस निकल्सन. 'व्हाइट ड्वॉर्फ'मध्ये आणि १९८१च्या 'फिएंड फोलिओ' या डी अँड डीच्या राक्षसांच्या पुस्तकात त्यांनी काढलेले राक्षस बघा. इतकं दाट रेखाटन, तरी आकृती कधीच हरवत नाही, कारण बाहेरची आकाररेषा आधी पक्की आहे. दुसरे आपले वसंत सरवटे. गेमिंगशी त्यांचा संबंध नाही, पण मजकुराशेजारी चित्रानं कसं बसावं, हे मला त्यांनी पुलंच्या लेखनासाठी काढलेल्या चित्रांमधून कळलं. त्यांच्या चित्रातली माणसं मजकूर सांगत नाहीत, त्या मजकुराच्या घरात राहतात.

जे काढायचं नाही

एक मोठा डोळा आणि डोक्यावर डोळ्यांचे देठ असलेला बिहोल्डर आणि तोंडावर सोंडा असलेला माइंड फ्लेअर हे राक्षस विझार्ड्स ऑफ द कोस्ट या डी अँड डीच्या आताच्या प्रकाशक कंपनीनं स्वतःकडे राखलेले आहेत. इतर प्रकाशकांसाठी नियम खुले केले तेव्हाही ही नावं त्यातून मुद्दाम वेगळी काढली होती. छोट्या मासिकाला वकिलाची नोटीस परवडत नाही. सांगाडे, गॉब्लिन, ड्रॅगन, चेटकिणी हे लोककथांमधून आलेले आहेत, ते कुणाच्या मालकीचे नाहीत. आपल्याकडची वेताळ, हडळ मंडळीही याच वर्गातली. पण भुतावळीबद्दलचं पत्र असेल तरच ती आणा, उगाच रंगत म्हणून नको.

पत्र लिहिणाऱ्याचा खरा चेहरा त्याच्या प्रोफाइलवरून उचलून काढू नका, तो सार्वजनिक असला तरी. आणि वाचकानं स्वतः चित्र काढून पाठवलं असेल तर तुमची एक जागा त्याला द्या. निन्टेन्डोचं 'निन्टेन्डो पॉवर' हे मासिक वाचकांनी रंगवलेली पाकिटं पत्रांसोबत छापायचं. दुकानात अंक उघडून आपलं पाकीट छापलेलं बघणाऱ्या मुलाचा आनंद आपल्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठा आहे.

पाठवताना

स्कॅन १२०० डीपीआयवर आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात करा, करड्यात नाही. करड्यात केलं तर छपाईत रेघेवर जाळी येते आणि कडा मऊ पडतात. जुनं स्कॅनर असेल तर ६०० चालेल. पेन्सिलच्या रेघा आधीच खोडून घ्या. फाइलच्या नावात अंकाचा क्रमांक, पत्राचा विषय आणि रुंदी लिहा, म्हणजे पान लावणाऱ्याला प्रत्येक फाइल उघडून बघावी लागत नाही.

पैशांचं आणि हक्कांचं बोलणं पहिल्या चित्राआधी, मेलवर, स्पष्ट शब्दांत व्हावं. चित्र एका अंकासाठी देताय, की पुढे संकलनातही वापरणार? मूळ चित्र कुणाकडे राहणार? नाव कुठे छापणार? छोटी मासिकं फार देऊ शकत नाहीत आणि मी तशी अपेक्षाही ठेवत नाही, पण मूळ चित्र आणि पुनर्वापराचा हक्क मी स्वतःकडे ठेवतो. सही चित्राच्या आत, रेघांमध्ये मिसळून करा. कोपऱ्यात केलेली सही कातरली जाते.

अंक छापून हातात आला की तो मूळ चित्रांशेजारी ठेवा आणि भिंग घेऊन बसा. कुठली रेघ तुटली, कुठे शाई भरली, फाशावरचा आठ आठासारखा दिसतोय की तीनासारखा, हे वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत पहिल्या वर्षाच्या पानावर लिहिलंय: ०.२ नको, कंगव्याचे दात सातच पुरे, मेणबत्तीची ज्योत मोकळी सोड.